लघवीची घाई आणि घोट्याजवळचा मज्जातंतू: महिलांसाठी विद्युत-उत्तेजन उपचाराचे मार्गदर्शन

बाजारातून घरी आल्यावर पिशवी खाली ठेवून कुलपाची किल्ली शोधेपर्यंत लघवी धरवत नाही. भांडी घासायला नळ सोडला की लगेच धावावे लागते. एसटीच्या प्रवासाला निघायचे तर आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणे बंद होते. अशा तक्रारी अनेक बायका वर्षानुवर्षे कोणाला सांगत नाहीत आणि सांगितल्याच तर "वयाप्रमाणे होतेच" असे उत्तर मिळते. या लक्षणसमूहाला अतिक्रियाशील मूत्राशय म्हणतात. लघवीवरचा ताबा सुटण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटीने २००२ मध्ये केलेल्या व्याख्येत मुख्य लक्षण आहे ते अचानक येणारी, टाळता न येणारी लघवीची घाई. तिच्याबरोबर बहुधा दिवसा वारंवार जावे लागणे आणि रात्री उठावे लागणे असते. काहींचे कपडे ओले होतात, काहींचे होत नाहीत, आणि जंतुसंसर्ग किंवा दुसरे उघड कारण मात्र सापडत नाही. खोकताना किंवा जड बादली उचलताना घाई न होता लघवी सुटते, तो प्रकार वेगळा आणि त्याचे उपचारही बरेचसे वेगळे. दोन्ही त्रास एकत्र असणेही नवलाचे नाही.

या त्रासावर सौम्य विद्युतप्रवाहाचा उपचार आहे. तो कसा चालतो, कोणी घ्यावा, आधी काय तपासावे आणि घरी करायचा झाल्यास यंत्र नेमके कसे लावावे, हे या लेखात सांगितले आहे. भर घोट्याजवळच्या उपचारावर आहे, कारण तो स्वस्त आहे, कपडे न उतरवता करता येतो आणि चुकला तरी सहसा फार नुकसान होत नाही. तरीही पहिले सत्र फिजिओथेरपिस्टसमोरच करावे, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

पायाला लावलेली वीज मूत्राशयापर्यंत कशी पोचते

हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारते, आणि तो रास्त आहे. मूत्राशयाच्या भिंतीतील स्नायूला आकुंचनाचा आदेश देणारे आणि मूत्राशय भरल्याची खबर नेणारे मज्जातंतू मणक्याच्या अगदी खालच्या भागातून, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतील दुसऱ्या ते चौथ्या छिद्रांतून ये-जा करतात. पायाच्या मागच्या बाजूने उतरून आतल्या घोट्यामागून तळपायात जाणाऱ्या टिबियल मज्जातंतूचे काही धागे याच दुसऱ्या-तिसऱ्या पातळीवर मज्जारज्जूत शिरतात. म्हणजे घोट्याजवळ दिलेला संदेश मूत्राशयाच्याच शेजारघरात पोचतो आणि तेथील अति उतावीळ प्रतिक्षिप्त क्रियेला लगाम घालतो. मेंदूकडून येणाऱ्या नियंत्रणावरही परिणाम होत असावा असे मानले जाते. आपण बोलताना 'नस' म्हणतो तेव्हा कधी रक्तवाहिनी अभिप्रेत असते आणि कधी मज्जातंतू. या लेखात सर्वत्र मज्जातंतूच समजावा.

अमेरिकेत १९८३ मध्ये मूत्ररोगतज्ज्ञ मॅकग्वायर यांनी त्वचेवरून आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्शल स्टोलर यांनी बारीक सुईतून हा मज्जातंतू उत्तेजित करण्याची पद्धत पुढे आणली. घोट्याच्या वरचा हा बिंदू चिनी सुईउपचारातही पूर्वीपासून वापरला जात होता. स्वीडनमध्ये मॅग्नस फॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी योनीमार्गात ठेवायच्या प्रोबने, म्हणजे प्रवाह देणाऱ्या छोट्या दांडीने, दिलेल्या विजेचा अभ्यास केला. ५ ते १० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५ ते १०, इतक्या मंद गतीचे विजेचे स्पंद मूत्राशय शांत करायला अधिक उपयोगी पडतात, हे त्यातून दिसले. आजच्या यंत्रांवरील आकड्यांचे मूळ तिथे आहे.

परिणामाबद्दल वास्तव अपेक्षा

२०१० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २२० रुग्णांना १२ आठवडे सुईद्वारे टिबियल उत्तेजन किंवा हुबेहूब तसाच दिसणारा खोटा उपचार दिला गेला. खऱ्या उपचारातील ५४.५ टक्के रुग्णांनी मध्यम किंवा ठळक सुधारणा नोंदवली आणि खोट्या उपचारातील २०.९ टक्क्यांनी. या दोन आकड्यांतले अंतर हे उपचाराचे खरे बळ, आणि दुसरा आकडा म्हणजे नुसत्या आशेचे आणि लक्ष दिले गेल्याचे बळ. उपचारांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात ६३ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या आणि उपचार न घेण्यापेक्षा किंवा खोट्या उपचारापेक्षा विद्युत-उत्तेजन बरे, असा कौल निघाला. चाचण्यांचा दर्जा मात्र सारखा नव्हता. डॉक्टरांसाठी उपचारांच्या शिफारशी काढणारी ब्रिटनची नाइस ही संस्था अधिक सावध आहे. ती सर्वच रुग्णांना विद्युत-उत्तेजन सरसकट देऊ नये असे सांगते आणि ज्या स्त्रियांना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू स्वतःहून आवळताच येत नाहीत, त्यांच्या बाबतीत त्याचा विचार करण्यास सुचवते. घोट्याजवळ त्वचेवरून द्यायच्या उपचाराबाबत पुरावा पुरेसा नाही, असेही तिचे म्हणणे आहे.

माझ्या मते दोन्ही भूमिकांत मोठा विरोध नाही. सवयींतील बदल, मूत्राशयाला वळण लावणे आणि स्नायूंचे व्यायाम ही पहिली पायरी. ती नीट केल्यावरही घाई उरली किंवा औषधे सोसत नसतील, तर हा उपचार करून पाहण्याजोगा आहे. गोळ्यांपैकी ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन, सोलिफेनासिन या गटाने तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते आणि वृद्धांमध्ये स्मरणशक्तीवर परिणाम होण्याची काळजी असते. मिराबेग्रॉन या वेगळ्या गोळीने असे त्रास कमी प्रमाणात होतात, पण रक्तदाबाकडे लक्ष ठेवावे लागते. त्यामुळे साठीपुढच्या आणि आधीच पाच-सहा गोळ्या चालू असलेल्या बाईला विजेचा उपचार अनेकदा अधिक सोयीचा पडतो.

यंत्र घेण्याआधी: डॉक्टरांकडची तपासणी

घाई आणि वारंवारता ही अनेक आजारांची लक्षणे आहेत, म्हणून यंत्र विकत घेण्याआधी लघवीची साधी तपासणी, रक्तातील साखर आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती लघवी उरते हे दाखवणारी सोनोग्राफी एवढे तरी करावे. साखर वाढली की लघवीचे प्रमाणच वाढते. तिथे घोट्याला वीज देऊन काय होणार? लघवीत पू-पेशी दिसतात पण नेहमीच्या कल्चरमध्ये जंतू उगवत नाहीत, असे वारंवार होत असेल, तर आपल्याकडे मूत्रमार्गाचा क्षयरोग मनात धरून पुढची तपासणी करावी लागते, कारण त्यात मूत्राशय आखडून लहान होते. लघवी पूर्ण बाहेर पडत नसेल, तर वारंवार जावे लागण्याचे कारण तेच असू शकते. पाळी थांबलेल्या स्त्रियांत योनीमार्गाच्या कोरडेपणामुळेही घाई वाढते, आणि त्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमचा उपयोग होतो.

लघवीत रक्त दिसणे, पाळी थांबल्यानंतर अंगावरून जाणे किंवा तापासह कमरेत दुखणे यांपैकी काही असेल, तर आधी त्याचा छडा लावावा. पाय अचानक लुळे पडू लागले, बैठकीचा भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मणक्यातील मज्जातंतूंवर दाब आल्याची ती खूण असू शकते.

पेसमेकर किंवा हृदयात बसवलेले डिफिब्रिलेटर असणाऱ्यांनी हा उपचार स्वतःहून अजिबात सुरू करू नये. गरोदरपणात तो करत नाहीत. अपस्माराचे झटके येत असतील, ओटीपोटाचा कर्करोग असेल, पायाच्या त्वचेवर जखम किंवा इसब असेल, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल, तर प्रवाह किती वाढला ते कळत नाही आणि त्वचा भाजू शकते. म्हणून फिजिओथेरपिस्टकडून बोथट आणि टोकदार स्पर्शाची चाचणी करून घ्यावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर सुईची पद्धत शक्यतो टाळावी.

तीन दिवसांची नोंदवही

उपचाराइतकेच महत्त्व या नोंदवहीला आहे, आणि कंटाळा येतो म्हणून सर्वांत आधी वगळली जाते तीही हीच. सलग तीन दिवस, त्यांतला एक तरी सुट्टीचा किंवा घरी असल्याचा, प्रत्येक वेळची लघवी मापाच्या खुणा असलेल्या प्लास्टिकच्या भांड्यात (ते स्वयंपाकघरात परत वापरू नये) मोजावी आणि वेळ लिहावी. शेजारी काय प्यायले, घाई किती होती (शून्य ते तीन) आणि कपडे ओले झाले का, हे लिहावे. समजा, एका सकाळची नोंद अशी दिसेल: ६.१० ला ३२० मिली, घाई २, ६.३० ला चहा; ७.०५ ला ९० मिली, घाई ३, कपडे थोडे ओले, ७.४० ला ७० मिली, घाई ०, "कामावर निघायचे म्हणून जाऊन आले".

या चार ओळींत बरेच काही आहे. पहाटे ३२० मिली मावले, म्हणजे मूत्राशयाची क्षमता शाबूत आहे. चहानंतर अर्ध्या तासात ९० मिलीलाच घाई झाली. आणि तिसऱ्या वेळी तर घाई नसताना केवळ खबरदारी म्हणून जाणे झाले, ज्यामुळे मूत्राशयाला थोड्यावरच रिकामे होण्याची सवय लागते. हीच नोंद आठव्या आणि बाराव्या आठवड्यात पुन्हा केली, की उपचाराचा गुण आला की नाही हे मनाच्या अंदाजावर सोडावे लागत नाही.

पाणी मात्र तोडू नये. दिवसभरात साधारण दीड ते दोन लिटर द्रवपदार्थ पोटात जावेत. पाणी फार कमी केले, की लघवी दाट होऊन मूत्राशयाला उलट अधिक टोचते. चहा-कॉफी कमी करावी आणि संध्याकाळी सातनंतर पिणे आटोक्यात ठेवावे. बद्धकोष्ठ असेल तर ते आधी सोडवावे.

घोट्याजवळचा उपचार: प्रत्यक्ष कृती

त्वचेवरून मज्जातंतूला सौम्य वीज देणारे, दुखण्यावर वापरले जाणारे दोन वाहिन्यांचे साधे टेन्स यंत्र काही हजार रुपयांत मिळते. घेताना एकच गोष्ट पाहावी: स्पंदांची गती आणि स्पंदाची रुंदी, म्हणजे एक स्पंद किती वेळ टिकतो, हे दोन आकडे पडद्यावर दिसतात का आणि स्वतंत्रपणे बदलता येतात का. 'मसाज', 'टॅपिंग' अशी चित्रे असलेली आणि आकडे न दाखवणारी यंत्रे या कामासाठी घेऊ नयेत.

गती १० ते २० हर्ट्झ ठेवावी, रुंदी २०० मायक्रोसेकंद, पद्धत अखंड, म्हणजे थांबत-थांबत किंवा आपोआप बदलत जाणारी नको, आणि वेळ ३० मिनिटे. हे आकडे फिजिओथेरपिस्टकडून एकदा बसवून घेऊन यंत्राच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवून ठेवावेत, कारण बॅटरी बदलल्यावर काही यंत्रे मूळ सेटिंगवर परत जातात आणि आठवडाभर चुकीचा प्रवाह घेतल्याचे लक्षातही येत नाही.

लघवी करून यावे. पैंजण काढून ठेवावेत. घोट्याभोवतीची त्वचा साबणाने धुऊन कोरडी करावी. अंघोळीनंतर पायाला तेल किंवा क्रीम लावायची सवय असेल, तर उपचाराच्या दिवशी ते नंतर लावावे, कारण तेलकट त्वचेवर पॅड (यंत्राच्या वायरला जोडलेली, प्रवाह देणारी चिकट पट्टी) धरत नाही आणि कडेने सुटलेल्या पॅडखाली प्रवाह एकाच ठिकाणी गोळा होऊन चुरचुरते. खुर्चीवर बसून पाय समोरच्या स्टुलावर सैल सोडावा, गुडघा किंचित वाकलेला असावा. पावले उघडी हवीत, कारण बोटांकडे पाहावे लागणार आहे.

आता जागा शोधायची. आतल्या घोट्याचे हाड आणि टाचेमागची जाड दोरीसारखी कंडरा, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा अ‍ॅकिलिस, यांच्या मधल्या खळग्यात दोन बोटे हलकेच ठेवली की नाडी लागते. मज्जातंतू त्या नाडीला लागूनच, किंचित मागे असतो. पहिला पॅड इथे लावावा आणि त्याला ऋण टोकाची वायर जोडावी. बहुतेक यंत्रांत ती काळी असते. दुसरा पॅड त्याच बाजूने, पोटरीच्या आतल्या कडेवर, सुमारे १० सेंटिमीटर वर लावावा. आपल्याच हाताच्या चार बोटांची रुंदी आणि वर आणखी दोन बोटे, एवढे अंतर साधारण पुरते.

यंत्र शून्यावर असताना सुरू करावे आणि प्रवाह एकेक पायरीने वाढवत न्यावा. आधी पॅडखाली मुंग्या येतात. वाढवत गेल्यावर त्या टाचेकडे आणि तळपायात पसरतात, आणि मग पायाचा अंगठा आपण न हलवता खाली वाकू लागतो किंवा बोटे पंख्यासारखी फाकतात. पहिल्यांदा हे पाहताना बायका हमखास हसतात. आपलाच अंगठा आपल्याला न विचारता हलतो आहे, हे दृश्यच तसे असते. अंगठा हलला म्हणजे योग्य मज्जातंतू सापडला. मग दुखत असल्यास प्रवाह एखादी पायरी कमी करावा. जोरदार पण सोसवणारा, असा तो असावा. दहा मिनिटांनी मुंग्या बोथट वाटू लागतात. तेव्हा एक पायरी वाढवायला हरकत नाही.

फक्त पोटरी उडत असेल किंवा पॅडखालीच टोचत असेल आणि तळपायात काही जाणवत नसेल, तर प्रवाह वाढवत न बसता यंत्र बंद करून खालचा पॅड अर्धा सेंटिमीटर मागे किंवा पुढे सरकवावा. माझ्या अनुभवात "मशीनने काही गुण आला नाही" म्हणणाऱ्या अनेकींची अडचण इथेच असते: पॅड हाडावर चढलेला असतो. पाय सुजत असतील, तर अंगठा कधी हलतच नाही. तळपायात मुंग्या स्पष्ट येत असतील, तर तेवढ्यावर पुढे जावे. कोणता पाय, याला फारसे महत्त्व नाही. जिथे जागा सहज सापडते तो घ्यावा.

आठवड्यातून किती वेळा, याबाबत पद्धती वेगवेगळ्या आहेत. काही ठिकाणी आठवड्यातून एक-दोन वेळा, काही ठिकाणी रोज. घरी करणाऱ्यांना दिवसाआड, ठरलेल्या वेळी करणे जमते आणि टिकते. दुपारची मालिका पाहताना अर्धा तास सहज जातो. गाडी चालवताना, झोपेत किंवा ओल्या न्हाणीघरात यंत्र वापरू नये. संपल्यावर आधी यंत्र बंद करावे, मग पॅड काढावा. तो मूळ प्लास्टिकवर परत चिकटवावा. पॅड कोरडा पडला तर एक थेंब पाणी बोटाने पसरावे, आणि तरीही धरत नसेल तर नवीन घ्यावा. त्वचेवरची हलकी लाली तासाभरात जाते. फोड किंवा डाग आला तर थांबून दाखवावे.

सुई आणि प्रोब

सुईच्या पद्धतीत घोट्यापासून सुमारे पाच सेंटिमीटर वर केसासारखी बारीक सुई त्याच मज्जातंतूजवळ टोचून प्रवाह देतात: २० हर्ट्झ, २०० मायक्रोसेकंद, प्रत्येक वेळी ३० मिनिटे, आठवड्यातून एकदा, बारा वेळा. ती फक्त प्रशिक्षित व्यक्तीकडून घ्यावी. पुराव्याच्या दृष्टीने ही पद्धत अधिक भक्कम आहे. अडचण आहे ती दर आठवड्याला जाण्या-येण्याची आणि ती देणारी केंद्रे मोठ्या शहरांतच असण्याची.

योनीमार्गातील प्रोब त्यांना अधिक उपयोगी, ज्यांना ओटीपोटाचा तळ आवळणे म्हणजे नेमके काय करायचे हेच उमगत नाही किंवा ज्यांना खोकतानाही लघवी सुटते. घाईसाठी १० हर्ट्झच्या आसपास आणि खोकल्याबरोबर सुटणाऱ्या लघवीसाठी ३५ ते ५० हर्ट्झ, असा गतीचा फरक असतो. प्रोब प्रत्येकीचा स्वतःचा असावा, कोणालाही वापरायला देऊ नये. पाण्यावर आधारलेले जेल वापरावे, तेल किंवा व्हॅसलिन नको, आणि नंतर कोमट पाणी व सौम्य साबणाने धुऊन वाळवावा. पाळीच्या दिवसांत, योनीमार्गात संसर्ग असताना, प्रसूती किंवा शस्त्रक्रियेनंतर पहिले सहा आठवडे आणि अंग फार बाहेर येत असल्यास तो टाळतात. ज्या मुलींचे लग्न झालेले नाही किंवा ज्यांना तपासणीचीच भीती वाटते, त्यांच्यावर प्रोबचा आग्रह कोणीही धरू नये. घोटा उपलब्ध असताना त्याची गरजही नाही.

बारा आठवड्यांत काय करायचे

पहिल्या तीन-चार आठवड्यांत बहुधा काहीच जाणवत नाही, आणि यंत्र कपाटात जाते ते याच काळात. फरक साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात दिसू लागतो. आधी घाईचा जोर कमी होतो, मग रात्रीचे उठणे, आणि दिवसभरात लघवीला जाण्याच्या वेळा कमी होणे सर्वांत शेवटी.

या काळात मूत्राशयाला वळण लावणे चालू ठेवावे. नोंदवहीत दोन वेळांतले सरासरी अंतर एक तास असेल, तर तिथून सुरुवात करून दर आठवड्याला १५ मिनिटे वाढवावीत, तीन तासांपर्यंत. मध्येच घाई आली तर धावू नये. जिथे असाल तिथे उभे राहावे किंवा खुर्चीच्या कडेवर बसावे, लघवी अडवताना आवळतो तो भाग पाच-सहा वेळा पटापट आवळून सोडावा, शंभरापासून उलटे सात-सातने मोजावे, आणि लाट ओसरली की सावकाश चालत जावे. घाईची लाट चढते तशी उतरते, हे एकदा अनुभवाला आले, की कुलपाजवळची धांदल कमी होते.

बाराव्या आठवड्यात नोंदवही पुन्हा भरावी. घाईचे किंवा कपडे ओले होण्याचे प्रसंग निम्म्यावर आले असतील, तर उपचार लागू पडला असे समजतात. मग एकदम थांबवू नये. सत्रे हळूहळू कमी करत न्यावीत. सुईच्या पद्धतीत साधारण महिन्याला एक सत्र चालू ठेवतात, आणि घरच्या यंत्राने आठवड्यातून एकदा ठेवले तरी चालते. त्रास परत डोके वर काढू लागला, तर चार आठवडे पुन्हा दिवसाआड करावे.

काहीच फरक नसेल, तर आणखी तीन महिने त्याच आशेवर काढू नयेत. पॅडची जागा आणि आकडे एकदा तपासून घ्यावेत, आणि ते बरोबर असतील तर मूत्ररोगतज्ज्ञांकडे जावे. मूत्राशयात बोट्युलिनम विषाचे इंजेक्शन, सहसा १०० युनिट, हा एक मार्ग आहे. त्यात काही महिन्यांनी ते पुन्हा घ्यावे लागते आणि काहींना तात्पुरती नळी वापरून लघवी काढावी लागते. दुसरा मार्ग त्रिकास्थीजवळच्या मज्जातंतूला लागून तार आणि त्वचेखाली छोटे यंत्र बसवण्याचा. अमेरिकेत त्याला १९९७ पासून मान्यता आहे आणि आधी काही दिवस तात्पुरती तार लावून गुण येतो का ते पाहिले जाते. आपल्याकडे तो महाग आहे आणि मोजक्या केंद्रांतच होतो. या भेटीला जाताना तिन्ही वेळच्या नोंदवह्या सोबत न्याव्यात. पुढचा निर्णय घेताना डॉक्टर पहिल्यांदा त्याच पाहतील.